मालवणच्या समुद्रातील प्रवाळ, स्कूबा डायव्हिंग आणि पाण्याखालील छायाचित्रण : पर्यटक व किनाऱ्यावरील कुटुंबांसाठी माहिती

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली, देवबाग, वायरी, दांडी या परिसरात स्कूबा डायव्हिंग हे आता अनेक कुटुंबांच्या रोजीरोटीचे साधन झाले आहे. पूर्वी फक्त मासेमारीवर चालणाऱ्या घरांतील मुले आज गाइड आहेत, बोट चालवतात, पाण्याखाली पर्यटकांचे फोटो काढतात. घरातील महिला न्याहारी-निवास सांभाळतात. हा सगळा व्यवसाय ज्या प्रवाळांवर उभा आहे ते प्रवाळ नाजूक आहेत, कायद्याने संरक्षित आहेत आणि एकदा मोडले की लवकर भरून येत नाहीत. प्रवाळ म्हणजे काय, समुद्रात उतरताना कोणती काळजी घ्यावी, फोटो कसे काढावेत व कसे काढू नयेत, कोणत्या परवानग्या लागतात आणि या व्यवसायातील कुटुंबांना कोणत्या योजनांचा लाभ घेता येईल, याची माहिती या लेखात दिली आहे.

प्रवाळ म्हणजे काय?

आधी एका शब्दाचा खुलासा. मराठीत प्रवाळ म्हटले की अंगठीतले पोवळे डोळ्यांसमोर येते. ते लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते आणि मालवणच्या उथळ पाण्यातील प्रवाळांशी त्याचा फारसा संबंध नाही. त्यामुळे या लेखात पोवळे हा शब्द मुद्दाम टाळला आहे.

प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो प्राणी आहे. हजारो इवलेसे जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्या खाली चुन्याचे घर बांधत जातात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. हे शैवाल उन्हाच्या मदतीने अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. प्रवाळाचा रंगही बहुतांशी या शैवालामुळेच असतो. म्हणूनच असे प्रवाळ उथळ, स्वच्छ आणि उजेड पोहोचेल अशा पाण्यात वाढतात.

समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जरी वाढले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. याला विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही, पण उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो. जगभर एकाच वेळी असे विरंजन १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात झाले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. मालवणच्या पाण्यातही विरंजनाची नोंद झालेली आहे.

समुद्र तापला तर मालवणचा गाइड त्याला काही करू शकत नाही. पण आधीच उपाशी असलेल्या प्रवाळावर पाय पडू न देणे त्याच्या हातात आहे. गोट्यासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. जेवणाच्या ताटाएवढा रुंद गोटा तयार व्हायला पंधरा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ लागतो. तो मोडायला बोटीचा एक नांगर किंवा एक लाथ पुरते.

मालवण सागरी अभयारण्य

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यातील ३ चौरस किलोमीटरपेक्षा थोडा जास्त भाग गाभा क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूचे बुडालेले खडक या परिसरात येतात. अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांचा दीर्घकाळ विरोध राहिला. मासेमारी बंद होईल ही त्यांची भीती होती आणि ती समजण्यासारखी होती. गेल्या दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी जैवविविधता संवर्धनाचा प्रकल्प राबवला गेला, तेव्हा स्थानिक तरुणांना डायव्हिंगचे प्रशिक्षण देण्यावरही भर होता. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे.

येथील प्रवाळ लक्षद्वीप किंवा अंदमानसारखे मैलोन्‌मैल पसरलेले नाहीत. पावसाळ्यात नद्या आणि खाड्यांमधून गाळ आणि गोडे पाणी येते. अशा पाण्यात तग धरणारे प्रवाळ खडकांवर तुकड्यातुकड्यांनी वाढलेले आहेत. लक्षद्वीपचे फोटो पाहून आलेला पर्यटक कधीकधी हिरमुसतो. पण जागा थोडी आणि पर्यटक पुष्कळ, यामुळेच येथे नुकसान लवकर होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मालवण अभयारण्यात पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे प्रवाळांची मोडतोड होत असल्याचे नोंदवले आहे.

कायदा काय सांगतो?

सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. प्रवाळ तोडणे, गोळा करणे, विकणे आणि घरी नेणे हा गुन्हा आहे. वाळूत पडलेला मृत प्रवाळाचा तुकडाही आठवण म्हणून पिशवीत टाकू नये. अनुसूची १ मधील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कारावास, तसेच किमान २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे.

अभयारण्यात छायाचित्रण करायचे असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे वन विभागाची परवानगी लागते. अधिवासात कोणताही बदल न करता आणि त्यावर वाईट परिणाम न होऊ देता केलेले छायाचित्रण, अशी अट या कलमात आहे. चांगला फोटो यावा म्हणून दगड उलटणे किंवा प्रवाळ हातात घेणे या अटीत बसत नाही. असा फोटो समाजमाध्यमावर टाकणारा स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच टाकत असतो.

व्यवसाय चालवणाऱ्यांसाठी वेगळ्या परवानग्या आहेत. जलक्रीडेसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. राज्याचे साहसी पर्यटन उपक्रम धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झाले असून त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. पर्यटकांनी पैसे देण्यापूर्वी ही नोंदणी पाहायला मागावी. मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी : न वाचता सही करू नका

डायव्हिंगच्या आधी प्रत्येकाकडून प्रकृतीविषयीचा अर्ज भरून घेतला जातो. मी स्वतः एका केंद्रावर गेले तेव्हा हा अर्ज फक्त इंग्रजीत होता. माझ्यासोबत बोटीत साताऱ्याकडच्या एक काकू होत्या. त्यांनी "कुठं सही करू?" एवढेच विचारले आणि सही केली. त्यांना दम्याचा त्रास होता, हे परत येताना बोलता बोलता कळले. त्यांना काही झाले नाही, पण होऊ शकले असते. त्यामुळे त्या अर्जात साधारणपणे काय विचारलेले असते ते येथे मराठीत देत आहे.

तुम्हाला दमा आहे का, किंवा पूर्वी होता का? छातीची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे का? हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह आहे का? फिट येते का, कधी शुद्ध हरपली आहे का? कानाच्या पडद्याला छिद्र आहे का, सायनसचा त्रास आहे का? तुम्ही गरोदर आहात का? कोणती औषधे रोज घेता? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर "हो" असेल तर आधी डॉक्टरांचा लेखी सल्ला घ्यावा. साधी सर्दी असेल तरी त्या दिवशी उतरू नये. आदल्या रात्री किंवा सकाळी मद्य घेतले असेल तरीही नाही. अर्ज समजत नसेल तर गाइडकडून मराठीत वाचून घ्यावा. "पैसे भरलेत, आता नाही कसे म्हणू" असा विचार करू नये.

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असा समज आहे. त्यात बहुधा आपण श्वासात घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. पाण्याखाली दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटर खोलीवर छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते, मग ती खोली पाच मीटर का असेना. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा, की श्वास कधीही रोखायचा नाही, संथपणे घेत-सोडत राहायचे. खाली जाताना कान दुखायला लागले तर नाक दाबून हळूच फुंकावे, जोर करू नये. तरीही दुखत असेल तर थांबावे आणि गाइडला खूण करावी.

खुणांमध्ये एक घोळ नेहमी होतो. अंगठा वर केला की आपल्याकडे "मस्त" असा अर्थ होतो. पाण्याखाली त्याचा अर्थ "मला वर जायचे आहे" असा आहे. सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करून दाखवावा.

प्रशिक्षण न घेतलेल्या व्यक्तीसाठी आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठरवलेली खोलीची मर्यादा १२ मीटर आहे आणि किमान वय सर्वसाधारणपणे १० वर्षे. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असते.

बेंगळुरू, बेळगाव, कोल्हापूर भागातून जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दाबाखाली श्वास घेतल्याने शरीरात जादा नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. लगेच उंचावर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डायव्ह केल्यास किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला आहे. विमानाचे बहुतेकांना माहीत असते, रस्त्याचे नसते. साधारण ६०० मीटरपेक्षा उंच ठिकाणी जाण्यालाही हाच विचार लागू होतो. आंबोली त्याहून उंच आहे, आणि बेंगळुरू तर ९०० मीटरहून उंच. मालवणला किंवा कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर दुपारी डायव्ह करून संध्याकाळची बस पकडणारे पुष्कळ आहेत. उथळ पाण्यात एकदाच उतरलेल्या व्यक्तीला धोका कमी असतो हे खरे. तरीही डायव्ह पहिल्या दिवशी आणि किल्ला, देवदर्शन, बाजार दुसऱ्या दिवशी ठेवला तर हा प्रश्नच उरत नाही.

पाण्याखाली फोटो काढताना

मालवणात बहुतेक ठिकाणी डायव्हिंगच्या पैशांतच फोटो आणि व्हिडिओ येतो. खरे सांगायचे तर बरेच पर्यटक फोटोसाठीच उतरतात. मोडतोडही बरीचशी इथेच सुरू होते. पर्यटकाला तरंगता येत नाही, कॅमेऱ्यासमोर तो हलत राहतो, मग स्थिर राहावा म्हणून त्याला खडकाला धरायला सांगितले जाते. त्या खडकावर प्रवाळ असतो. दिवसभरात पन्नास जणांनी तोच कोपरा धरला तर काही महिन्यांत तिथे नुसता दगड उरतो. गाइडला दोष देणे सोपे आहे, पण फोटो हलला तर पर्यटक त्याच्याशीच हुज्जत घालतो आणि बक्षिसीही जाते.

यावर करता येण्याजोगा उपाय आहे. पर्यटकाला खडकाला न धरवता त्यापासून चार-पाच फूट अलीकडे वाळूच्या पट्ट्यावर गुडघे टेकवून बसवावे आणि प्रवाळ मागे येईल असा कोन घ्यावा. फोटोत माणूसही येतो, प्रवाळही येतो, आणि हात लावण्याची गरज उरत नाही. माशांची गर्दी व्हावी म्हणून पाव, बिस्किटे टाकण्याची पद्धतही सोडावी. पाव हे माशांचे अन्न नाही, आणि शैवाल खाऊन खडक स्वच्छ ठेवणारे मासे पावाला चटावले तर प्रवाळावर शैवाल माजते.

ज्यांना छायाचित्रण शिकायचे आहे त्यांच्यासाठी थोडे तंत्र. पाणी सर्वांत आधी लाल रंग गिळते. पाच मीटरच्या आसपास लाल रंग फिका पडून करडा दिसू लागतो, म्हणून फोटो निळे-हिरवे येतात. कॅमेऱ्याला लाल फिल्टर लावणे किंवा जवळून दिव्याचा उजेड टाकणे हे दोन मार्ग आहेत. मालवणच्या पाण्यात गाळाचे कण असतात. कॅमेऱ्याच्या शेजारीच दिवा असेल तर हे कण उजळून फोटोत पांढरे ठिपके दिसतात. दिवा बाजूला, हातभर अंतरावर धरावा. दुरून झूम करण्याऐवजी जवळ जावे, कारण मधले पाणी जितके कमी तितका फोटो स्पष्ट. सूर्य डोक्यावर असताना उजेड खोलवर जातो, त्यामुळे सकाळी उशिरा ते दुपारपर्यंतची वेळ चांगली. वर आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि पूर्ण कोरडा झाल्याशिवाय झाकण उघडू नये. झाकणाच्या रबरी कड्यावर एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत जाते.

आणि हे सगळे नीट तरंगता आल्यानंतरच. हातात कॅमेरा आला की नवशिक्याचे लक्ष पडद्याकडे जाते आणि पायातले पंख मागच्या प्रवाळावर आपटतात. ज्याला वाळूला न टेकता एका जागी थांबता येते त्यानेच कॅमेरा घ्यावा.

फोटोचा एक उपयोग मात्र फार कमी होतो. गाइड रोज त्याच खडकाजवळ जातो. महिन्यातून एकदा त्याच कोनातून त्याच प्रवाळाचा फोटो काढून तारीख लिहून ठेवली, तर विरंजन कधी सुरू झाले, कुठे मोडतोड झाली, याची नोंद तयार होते. अशी नोंद वन विभागाच्या कांदळवन कक्षाला देता येईल.

कोणत्या योजनांचा लाभ घेता येईल?

महिलांसाठी राज्याच्या पर्यटन विभागाचे "आई" महिला केंद्रित पर्यटन धोरण (२०२३) आहे. महिलेच्या मालकीच्या आणि तिने चालवलेल्या पर्यटन व्यवसायासाठी बँकेने दिलेल्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याज शासन परत करते. ही मदत १२ टक्क्यांच्या मर्यादेत, आणि कर्जफेड पूर्ण होईपर्यंत, ७ वर्षांपर्यंत किंवा एकूण ४.५० लाख रुपये होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत मिळते. हे अनुदान नाही, व्याजाचा परतावा आहे. म्हणजे हप्ता आधी तुम्हाला भरावा लागतो. हप्ते थकले तर लाभही अडतो. व्यवसायाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आणि आधारशी जोडलेले बँक खाते आवश्यक आहे. कागदावर नाव पत्नीचे आणि व्यवहार सगळा दुसऱ्याचा, असे करू नये.

कॅमेरा, पाण्याखालचे आवरण, दिवा अशा छोट्या खरेदीसाठी मुद्रा योजनेतील शिशू कर्ज (५०,००० रुपयांपर्यंत, तारणाशिवाय) पुरेसे ठरते. त्यासाठी मोठ्या प्रकल्पाच्या मागे लागण्याची गरज नाही.

नवा सेवा उद्योग उभारायचा असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प करता येतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना ३५ टक्के अनुदान आहे. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. सेवा उद्योगाचा प्रकल्प ५ लाखांपेक्षा मोठा असेल तर आठवी उत्तीर्ण असणे आवश्यक. अनुदानाची रक्कम लगेच हातात येत नाही, तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून राहते. या कार्यक्रमाची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती, त्यामुळे अर्जापूर्वी सद्यःस्थिती जिल्हा उद्योग केंद्रात विचारावी. बोटीची खरेदी यात बसते का, हेही तेव्हाच लेखी विचारून घ्यावे.

विम्याकडे दुर्लक्ष करू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि अंशतः कायमच्या अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. मच्छीमारांसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतील गट अपघात विम्यात ही रक्कम अनुक्रमे ५ लाख आणि २.५ लाख असून रुग्णालयातील खर्चासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. तुमचे दिवस मासेमारीत कमी आणि पर्यटकांसोबत जास्त जात असतील तर कोणते संरक्षण लागू होते, ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधीच स्पष्ट करून घ्यावे. दाव्याच्या वेळी वाद घालण्याची पाळी कुटुंबावर येते.

जाळे टाकणाऱ्यांसाठी आणखी एक योजना आहे. कासव, डॉल्फिन, बहिरी (देवमासा शार्क) यांसारखा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि जाळे कापून त्याला जिवंत सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी ही योजना डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. यात फोटो किंवा व्हिडिओ हाच मुख्य पुरावा असतो. अडकलेला जीव, कापलेले जाळे आणि सुटका, तिन्ही दिसतील असे चित्रण मोबाइलवर करावे. मात्र त्यासाठी त्या जीवाला बोटीत जास्त वेळ थांबवू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पोहता येत नसेल तर डायव्हिंग करता येते का?*
गाइड सोबत असताना उथळ पाण्यातील अनुभव-डायव्ह करता येते. स्वतंत्र डायव्हरचे प्रमाणपत्र हवे असेल तर पोहता येणे आवश्यक आहे.

*दुसऱ्या राज्यातील रहिवाशाला "आई" धोरणाचा लाभ मिळेल का?*
व्यवसाय महाराष्ट्रात असणे आवश्यक आहे. कर्नाटकातील मुरुडेश्वर, कारवार भागातील कुटुंबांना वर दिलेल्या केंद्र सरकारच्या योजना लागू आहेत, महाराष्ट्राच्या नाहीत.

*कोणी प्रवाळ तोडताना किंवा विकताना दिसल्यास?*
महाराष्ट्र वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. समुद्रात बोट किंवा व्यक्ती संकटात असेल तर भारतीय तटरक्षक दलाचा १५५४, आणि इतर कोणत्याही तातडीच्या प्रसंगी ११२.